काठ्यांची रांग

गेसारे लग्न होऊन आमच्या टेकडीवर आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने झऱ्यावर भांडण लावलं. गुरं जिथे पाणी पीत तिथेच बायका घागरी भरत. ही म्हणाली, माणसं वर, गुरं खाली. शेजारच्या न्याबोकेची जीभ तेव्हाही तिखटच. ती म्हणाली, "आली नाही तोच पाण्याचीही वाटणी करायला लागली! उद्या आम्हाला आणि नवऱ्यांना वेगवेगळं जेवायला बसवेल." पण महिन्याभरात गुरांसाठी खाली चर खणला गेला, आणि न्याबोकेच त्याला 'आपला चर' म्हणू लागली.

गेसारेचा नवरा माकोरी माझा शाळेतला जुना विद्यार्थी. तो दूर शहरात पहारेकऱ्याची नोकरी करायचा आणि नाताळात घरी यायचा. घरी गेसारे, मुलं, चहाच्या झुडपांचा एक तुकडा, आणि कुंपणापलीकडच्या घरात सासरे ओन्चिरी.

आमच्यात सासऱ्याने सुनेच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. तिच्या अंगाला अंग लागू द्यायचं नाही, समोरासमोर उभं राहून बोलायचं नाही. नुसता सख्खाच सासरा नव्हे, नवऱ्याच्या कुळातली वडिलांच्या पिढीची सगळी माणसं तिला सासरेच. हल्लीची मुलं ही मर्यादा फारशी पाळत नाहीत, पण ओन्चिरींच्या वयाचे म्हातारे मोडत नाहीत.

तरी या दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे. त्यासाठी त्यांनी वाट काढली होती. ओन्चिरी वासराशी बोलायचे. गेसारे अंगणात असली की कुंपणापलीकडून आवाज यायचा, "वासरा, दुपारी गारा पडणार. चहा आत्ताच खुडून घेतलेला बरा." ही चुलीवरच्या भांड्याला सांगायची, "ऐकलंस ना रे? मामंजींची भाकर लवकर पाठवायला हवी, दुपारी वेळ मिळायचा नाही." वासरं मोठी होऊन विकली जायची, नवी यायची. बोलणं चालू राहायचं.

केमुन्तो ही ओन्चिरींची धाकटी मुलगी. बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू झाल्या, मूल आडवं होतं. आमच्या टेकडीवरून मोटार जाईल असा रस्ता नाही. शिडीला घोंगडी बांधून चौघांनी तिला उचललं. गेसारे तिचा हात धरून बाजूने चालत होती. अर्ध्या वाटेवर, ओढ्याच्या अलीकडे, तिने तो हात सोडला. धरून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून सोडला.

त्यानंतर काउंटीने, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या सरकारने, टेकडीवर दवाखाना बांधायला घेतला. भिंती उभ्या राहिल्या, खिडक्यांची भोकं राहिली, आणि छप्पर घालायच्या आधी काम थांबलं. आमच्या वॉर्डाचा सभासद दर सभेत सांगायचा, "पुढच्या वर्षी." तो दोनदा निवडून आला, भिंतींच्या आत गवत उगवलं आणि बकऱ्या दुपारी तिथे सावलीला बसू लागल्या.

एक दिवस गेसारे माझ्याकडे आली. मी व्हरांड्यात शेंगा सोलत होतो. तीही बसून सोलू लागली.

"मास्तर, मी उभी राहते."

"कुठे?"

"काउंटीच्या सभेला. पक्षाचं तिकीट मागते."

मी म्हणालो, "तुझ्या माहेरचे म्हणतील, दिलेली मुलगी. सासरचे म्हणतील, बाहेरून आणलेली. मत द्यायचं कोणी?"

"ज्यांना छप्पर हवं त्यांनी."

आमच्याकडे पक्षाचं तिकीट मिळालं की माणूस निवडून आल्यातच जमा. खरी लढत तिकिटाची. तिच्यासमोर होता ओगेतो, खताचा दुकानदार, पिवळ्या पिकअपचा मालक. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी मरण झालं की पिकअप फुकट द्यायचा, आणि ते कुणाला विसरू द्यायचा नाही.

मागच्या वेळी तिकिटाच्या निवडणुकीत चिठ्ठ्यांच्या पेट्या गावात पोचण्याआधीच भरलेल्या होत्या. कुणी भरल्या ते कळलं नाही. यंदाही चिठ्ठ्याच असं ठरलं, तेव्हा गेसारे तालुक्याच्या पक्ष कचेरीच्या पायरीवर जाऊन बसली. सोबत न्याबोके आणि चहा खुडणाऱ्या बायका. "पेटी नको. मैदानावर रांगा लावा आणि डोळ्यांदेखत मोजा." कचेरीतल्यांनी आधी हसण्यावारी नेलं, मग दार लावून घेतलं, शेवटी कंटाळून हो म्हटलं. बायका गाणी म्हणत टेकडी चढल्या. त्या संध्याकाळी ओन्चिरी वासराला म्हणाले, "आमच्या घरात डोकं कुणाला आहे ते कळलं बरं का." गेसारेने मला हे सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते.

रांगेत म्हाताऱ्यांचं काय होणार, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नाही. आमच्या तरुणपणी एकदा रांगेनेच मतदान झालं होतं, पण तेव्हा उमेदवार सगळे पुरुष आणि बायकांची रांग वेगळी. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र असणार.

मतदान शाळेच्या मैदानावर झालं. पक्षाकडून एक तरुण अधिकारी आला होता, गळ्यात शिट्टी, स्वभावाने नेटका. त्याने नियम सांगितले. उमेदवार पुढे, रांगेकडे तोंड करून उभा राहील. पाठीराखे एकामागे एक, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, म्हणजे कुणी मध्ये शिरून दोनदा मोजला जाणार नाही. बाई-पुरुष एकाच रांगेत. शिट्टी झाल्यावर जो रांगेतून हलेल तो मोजला जाणार नाही.

ओगेतोची रांग आधी भरली. गेसारेच्या रांगेत मी मध्यावर होतो. मागे चहाच्या मळ्यांतून बायका येऊन लागत होत्या, पाठीवरच्या टोपल्या तशाच. सगळ्या आमच्या टेकडीच्या सुना. तेवढ्यात म्हातारे आले. ओन्चिरी पुढे, लग्नाकार्यातला कोट घातलेला. त्यांच्यामागे त्यांच्या कुळातले, त्यांच्याच वयाचे. जोशात चालत आले आणि रांगेच्या शेवटी येऊन एकदम थबकले.

सगळ्यात शेवटी उभी होती ती ओन्चिरींच्या पुतण्याची बायको. तिच्या खांद्यावर हात ठेवायचा, आणि दूर पुढे, तोंड याच बाजूला करून, गेसारे.

ओगेतोच्या रांगेतून कुणी ओरडलं, "या की आजोबा! सूनबाईच्या गळ्यात हात टाका!"

हशा पिकला. न्याबोके तिथूनच गरजली, "तुझ्या आईच्या गळ्यात टाक मेल्या, तिला तरी बरं वाटेल!" पण तिचाही हात पुढच्या खांद्यावरून हलला नाही.

अडचण कुठे आहे ते मला तेव्हा कळलं. मी अधिकाऱ्याला हाक मारली, "साहेब, मी मागे जातो. मी त्यांच्या कुळातला नाही. मधे भिंतीसारखा उभा राहीन, मग माझ्यामागे हे लागतील." माझं बोलणं पुरं व्हायच्या आत शिट्टी वाजली.

ओन्चिरी रांगेच्या बाजूला उभे होते. मान खाली. थोड्या वेळाने त्यांनी हातातली काठी वाकून रांगेच्या टोकाशी गवतावर ठेवली. सरळ, रांगेच्या रेषेत. आणि काठीलाच म्हणाले, "तू जा. मला जाता येत नाही."

मग ते मागे सरून निलगिरीखाली उभे राहिले. काठीशिवाय त्यांना उभं राहणं अवघड होतं. त्यांनी झाडाला पाठ टेकली. दुसरा म्हातारा पुढे आला, त्याने आपली काठी त्या काठीमागे ठेवली. मग तिसरा. एकाने छत्री ठेवली. गेसारेच्या रांगेला काठ्यांचं शेपूट फुटलं, कुंपणापर्यंत गेलं.

"काठ्यांना मत कधीपासून?" ओगेतोचा भाऊ म्हणाला. पण यावेळी फारसं कुणी हसलं नाही.

अधिकारी मोजत मोजत तिथे आला, थांबला. त्याने झाडाखालच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं. त्याला सगळं समजलं असावं, तोही याच मातीतला. तो हळू आवाजात म्हणाला, "आजोबा, माणूस मोजायचा असतो. मला माफ करा."

ओगेतो जिंकला. फरक शाळेच्या दोन बाकांवर मावतील एवढ्या माणसांचा. गवतावर काठ्या त्याहून जास्त होत्या.

मैदान रिकामं होऊ लागलं. म्हातारे एकेक करून आपल्या काठ्या उचलून गेले. ओन्चिरी मात्र येईनात, कारण गेसारे त्यांच्या काठीजवळच उभी होती. तिने ती उचलली, पदराने तिला लागलेली माती पुसली, कुंपणाला टेकवून ठेवली आणि पाठ वळवून चालू लागली. ती शाळेच्या कोपऱ्याआड गेल्यावर म्हातारा झाड सोडून निघाला.

त्यानंतर कुंपणापलीकडचा आवाज बंद झाला. ओन्चिरी वासराला सोडायला यायचे, पण मुक्याने. गेसारे भांड्याशी मोठमोठ्याने बोलायची, "तिकिटाचं काय एवढं! पाच वर्षांनी पुन्हा येतंच. कुणाची चूक नाही. रांग मीच मागितली ना?" पलीकडून काही येत नसे. ताटातली भाकर अर्धी परत यायची.

मी एकदा त्यांच्याकडे गेलो. आंबट दुधाने भरलेला सुक्या भोपळ्याचा तुंबा पुढे करत ते म्हणाले, "मास्तर, केमुन्तोच्या वेळी काही करता आलं नाही. या वेळी पाय होते, डोळे होते, मैदानही जवळ होतं." एवढंच. मग केळीच्या खोडांवर पडलेल्या किडीबद्दल बोलत बसले.

पावसाळ्यानंतर त्यांना छातीचा आजार झाला. माणसांनी पुन्हा तीच शिडी काढली, घोंगडी बांधली. चौघे उचलणारे, मागे मी. सुनेला खांदा देता येत नव्हता, बाजूने चालताही येत नव्हतं. म्हणून गेसारे पुढे झाली. कोयत्याने फांद्या तोडत, मागे न बघता ती सांगायची, "इथे निसरडं आहे. इथे दगड हलतो. डावीकडून या." बिनछपराच्या दवाखान्यावरून वाट जाते. तिथे ती थांबली नाही, फक्त तिचा आवाज थोडा मोठा झाला.

ओढ्याच्या अलीकडे शिडीवरून आवाज आला. किती महिन्यांनी आला.

"वासरा, हळू चाल. पडशील."

तिथे वासरू नव्हतं, भांडंही नव्हतं. गेसारे थबकली. मग कोयता खाली धरून, पाठमोरीच म्हणाली, "हळूच चालतेय, मामंजी. तुम्ही या माझ्या मागे."

"येतोय," ते म्हणाले.

ओढा ओलांडल्यावर उचलणाऱ्यांपैकी एकाने वाकून ओन्चिरींच्या तोंडाकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. आम्ही दोघांनीही तिला लगेच सांगितलं नाही. ती पुढे वाट साफ करत, कुठे निसरडं आहे ते सांगत, बऱ्याच लांबपर्यंत चालत राहिली.