पळणाऱ्यांची वहिनी

९ ऑगस्ट. मेथी निवडत बसले होते. टीव्हीवर जुना कृष्णधवल इंग्रजी सिनेमा चालू होता. दरोडा घालून पळालेलं जोडपं नायकाच्या भावाकडे लपतं. वहिनी दार उघडते, जेवायला वाढते आणि पडद्यावरून नाहीशी होते. पुढे गाडी, धुकं, मिठ्या. त्या बाईला पोलिसांनी काय विचारलं, तिच्या मुलांना शाळेत कोण काय बोललं, हे कोणी दाखवत नाही. पळून जाण्याचा सगळा रुबाब दुसऱ्या कोणाच्या तरी स्वयंपाकघरावर चालतो.

माझा दीर सोफ्यावर पाय पसरून हेच बघत होता. पतसंस्थेची तिजोरी साफ करून तो आणि जाऊ मंगळवारपासून आमच्या मुलांच्या खोलीत लपले होते.

"काय प्रेम आहे बघा, ताई," जाऊ म्हणाली.

"बघितलं. जरा मेथी निवडू लाग."

"आत्ताच नेलपॉलिश लावलंय हो."

नवरा वर्तमानपत्राआडून पुटपुटला, "सख्खा भाऊ आहे माझा."

"आणि मुलं?" मी विचारलं. त्याने पान उलटलं.

१० ऑगस्ट. सकाळी मुलांना शाळेत पाठवलं, पाहुण्यांना चहा दिला आणि पोलीस ठाण्यात फोन करून आमच्या घराचा पत्ता सांगितला.