पाणी किती दिवसाला येतं?

कॉम्प्युटर जोडून घ्यायला आलेल्या माणसाला संघमित्राताई बजेट विचारायच्या नाहीत, कुठला गेम खेळणार तेही नाही. डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढून विचारायच्या, "तुमच्याकडं पाणी किती दिवसाला येतं?" नवं गिऱ्हाईक चक्रावायचंच. कॉम्प्युटरवाल्या बाईला आपल्या नळाशी काय घेणंदेणं?

बजाजनगरात मी त्यांच्याच घरात खालच्या खोलीत भाड्यानं राहायचो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून त्यांनी कंपनीत नोकरी केली, मग ती सोडून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत गेमिंगची मशीनं जोडायला घेतली. घरात त्या आणि त्यांची आई, एवढीच माणसं. माझंही मशीन जोडून घ्यायला मी मोठ्या रुबाबात वर गेलो.

"ताई, मेमरी बहात्तरशेच्या स्पीडची टाका. सगळ्यात फास्ट!"

"पाणी?"

"म्हणजे काय, तुमच्याच टाकीतून येतं की!"

"मग बहात्तरशे नाय. सहा हजार."

ती टाकी निम्मे दिवस रिकामीच असायची. पाणी नाही म्हणजे कूलर कोरडा, आणि कोरडा कूलर खोलीभर नुसती गरम हवा फिरवणार. अशा तापल्या खोलीत इतक्या वेगाची मेमरी बंद पडली तर एक वेळ परवडतं, पण ती बंद पडत नाही. मधेच गुपचूप एखादा आकडा चुकवते आणि गेम चालूच राहतो. "चालू हाय म्हंजी बरोबर हाय असं नाय, राजा," ताई म्हणायच्या. "बंद पडलेलं दिसतं तरी. हे दिसत नाय." बोलता बोलता आवाज असा खाली आणायच्या की भर उन्हाळ्यात माझ्या अंगावर काटा यायचा.

पण मीही हट्टी. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं बाबा, तपासून देते."

त्या साली हर्सूलच्या तळ्याला भेगा पडल्या होत्या. इकडे आमच्या गल्लीत मात्र दर मोकळ्या प्लॉटवर इमारत उठत होती, आणि प्रत्येक इमारतीची बोअर शेजारच्या बोअरपेक्षा खोल. आमची कधीच आटली होती. ताईंची तपासणी अशी, की भर दुपारी खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा, मशीनवर मेमरीची चाचणी सोडायची आणि स्वतः शेजारी बसून राहायचं. डॉक्टरांनी त्यांना बीपीच्या गोळ्या देऊन उन्हापासून जपायला बजावलं होतं. आई जिन्यातून ओरडायची, "मित्रे, मशीन तापव की! तू कशाला तापायलीस?"

"गिऱ्हाईकाच्या खोलीत माणूस बी असतोय ना आई," ताई वरून हसायच्या. "माणसाची बी गरमी धरावी लागती."

एका दुपारी मी ताक घेऊन वर गेलो. "ठेव तिथं, विनोद," त्या म्हणाल्या. माझं नाव सुधीर. मी म्हटलं, "अहो ताई, तुमचीच मेमरी चुकायली की!" दोघंही पोटभर हसलो. थोड्या वेळानं त्यांनी चमचा मागितला. बोट मात्र स्क्रू ड्रायव्हरकडं होतं. मी स्क्रू ड्रायव्हर दिला आणि काम चालूच राहिलं.

बहात्तरशेवर एक चूक निघाली. एकच, पण लाल अक्षरात. "बघ," एवढंच बोलून ताईंनी वेग सहा हजारावर आणला आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा दार लावून बसल्या.

कंपनीतली शिफ्ट संपवून मी आलो तेव्हा दार ढकलताच भट्टीसारखी झळ आली. पडद्यावर चुका शून्य. ताई खुर्चीत ताठ बसलेल्या, नजर पडद्यावर, चष्मा नाकावर.

"ताई, पास झालं की हो!"

त्या माझ्याकडं वळल्या. तोंड एका बाजूला ओघळलं होतं. काहीतरी सांगत होत्या, अगदी समजावून सांगितल्यासारखं, पण त्यातला एकही शब्द शब्द नव्हता. देवा रे, तो आवाज अजून कानातून जात नाही.

मेंदूत रक्त उतरलं होतं. जीव वाचला, बोलणंही बरंचसं परत आलं. माझं मशीन तर आजही सहा हजारावर सुरळीत चालतं.

ताई घरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. आईनं त्यांना खिडकीशी बसवलं होतं. मला बघून ताईंचा हात डोक्याकडं गेला, नसलेला चष्मा नाकावर ओढला, आणि स्वच्छ आवाजात त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं पाणी किती दिवसाला येतं?"

मला रडूच फुटलं. "ताई, तुमच्याच टाकीतून येतं की!"

त्यांनी माझ्याकडं अगदी आदबीनं पाहिलं.

"नवीनच राहायला आलात का हिथं?"