दसऱ्यापर्यंत थांबवलेली हार्ड डिस्क

माझ्या भावाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि इतक्यात करायचा विचारही नाही.

कान्हे गावातल्या आमच्या घरी टीव्हीला भावाची जुनी हार्ड डिस्क कायमची जोडलेली असायची. तिच्यात आबांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, बैलजोडीची शर्यत होती. भावानेच कधीकाळी कॅमेऱ्यावर घेतलेली, दुसरीकडे कुठेच नसलेली. लकवा झाल्यापासून आबा रोज संध्याकाळी तेवढीच बघायचे. जोडी घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, सुटली की त्यांच्या लुळ्या हाताची बोटं हलायची. एरवी औषधं झाली, मालीश झालं, तो हात ढिम्म.

भाद्रपदात ती डिस्क टकटक वाजायला लागली. शर्यत सुरू व्हायला वेळ लागायचा, मधेच चित्र अडकायचं. मी तळेगावच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. आमच्याकडे डिस्क जुनी झाली की चालू असतानाच बदलतात. बंद पडल्यावर बदलून काय उपयोग? हे भावाला सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

"चालती न्हवं? मग कशाला हात लावायचा?"

शेवटी मीच नवी डिस्क विकत घेऊन गेले. शर्यत तिच्यात उतरवायची, बस्स, चहा होईपर्यंतचं काम. त्याने खोका माझ्या हातातून घेतला आणि देवघरात नेऊन ठेवला.

"पितरं चालू हायेत. नवी वस्तू आत्ता न्हाई काढायची. दसऱ्याला काढू."

"अरे, जुनी दसऱ्यापर्यंत टिकणार आहे का?"

"इतकी वर्सं टिकली की."

आबांच्या बाबतीत विषाची परीक्षा नको, म्हणून वहिनीही त्याच्याच बाजूने. मी पाय आपटत लोणावळ्याला माझ्या घरी परतले.

घट बसायच्या आधीच जुनी डिस्क बंद पडली. पुण्यातल्या दुरुस्तीवाल्याने ती उघडून पाहिली. आतली तबकडी खरवडलीय, काही निघणार नाही, म्हणाला. दसऱ्याला भावाने नव्या डिस्कला हळदकुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. कोरी करकरीत डिस्क! माझं डोकंच फिरलं.

आबांना अजून कुणी खरं सांगितलेलं नाही. संध्याकाळी ते टीव्हीकडे तोंड करून बसतात. भाऊ आधी उठून दिवे घालवतो, पंखा बंद करतो, मग सांगतो, "आबा, लाइट गेलीया." एवढी आगाऊ खबरदारी त्याला आता बरी सुचते.

परवा मी गेले तेव्हा आबांनी मला जवळ बोलावलं आणि भावाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "त्याला जमत न्हाई वाटतं. लाइटचं बिल तू भर."