साखरपुड्याच्या रेकॉर्डिंगमधले चाळीस सेकंद

हा धागा मी वर्षभर वाचतोय. प्रत्येक अनुभवाखाली "पुरावा काय?" असं विचारून लिहिणाऱ्याचा मूड घालवणारा जो एक माणूस असतो ना, तो मीच. भूतखेत, चकवा, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. स्वभावच संशयी, त्यात नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. दुसऱ्याच्या कामात खोट काढायचाच मला पगार मिळायचा. तेव्हा पुढचं वाचून कोणाला माझी खेचायची असेल तर खुशाल खेचा. तुमच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

२००८ सालची गोष्ट. मी मूळचा परभणीचा, हिंजवडीत नोकरी, नेऱ्याला भाड्याचा फ्लॅट. सोबत नितीन, सांगलीचा, आमच्याच कंपनीतला. हा नितीन नकला करण्यात एक नंबर. मॅनेजरपासून वॉचमनपर्यंत कोणाचाही आवाज हुबेहूब काढायचा.

आमच्या टीममधला सागर घोटावड्याचा. धनगराचं घर, शंभरेक मेंढरं, थोडी शेती. कंपनीने त्याला वर्षभरासाठी अमेरिकेला पाठवलं आणि तो तिकडे असतानाच इकडे लग्न ठरलं. साखरपुड्याला यायला सुट्टी मिळेना. त्याच्या वडिलांनी (त्यांना सगळे आबा म्हणायचे) फोनवर सरळ सुनावलं, "सोताच्या साखरपुड्याला येता येत न्हाई, तर मी मेल्यावर बी येऊ नगंस." आणि फोन ठेवला. त्यानंतर तीन महिने बापलेकांत बोलणं नाही. सगळे निरोप आईमार्फत.

मग सागरने आम्हाला गळ घातली की साखरपुडा निदान लाइव्ह दाखवा. तेव्हा अशा एकदोन वेबसाइट नव्यानेच आल्या होत्या. माझा लॅपटॉप, नितीनचा हँडीकॅम आणि इंटरनेटसाठी एक डेटा कार्ड घेऊन आम्ही घोटावड्याला गेलो. नवऱ्या मुलाच्या पाटावर लॅपटॉप ठेवला. सागरच्या आत्याने लॅपटॉपलाच कुंकू लावलं, वर अक्षता टाकल्या... त्यातले काही तांदूळ कीबोर्डमध्ये गेले ते कायमचे. आबा उशिरा आले, मेंढरांच्या वाड्यावरून थेट, पांढरा फेटा बांधून. सगळं केलं, पण लॅपटॉपकडे एकदाही बघितलं नाही.

आणि आमच्या हुशारीची कमाल बघा. नितीनने कॅमेऱ्यात टेपच घातली नव्हती. "इंटरनेटवर सेव्ह होतंय की, टेप कशाला? लग्नाला ठेवू." मी एरवी सगळ्यात खोट काढतो, पण तेव्हा मलाही ते पटलं.

कार्यक्रम आटोपल्यावर मी आणि नितीन शेजारी शेजारी पंगतीला बसलो. कॅमेरा स्टँडवर तसाच चालू. मांडवात स्पीकर दणदणत होता. तेवढ्यात आबा एकटेच कॅमेऱ्याजवळ गेले, वाकले, काहीतरी बोलले आणि निघून गेले. लांबून दिसलं, ऐकू काही आलं नाही. रात्री सागरचा फोन आला, "आबा समोर आले आणि नेमकं बफरिंग... चाळीस सेकंद नुसता फोटो. काय म्हणाले ते?" आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. वेबसाइटवरच्या रेकॉर्डिंगमध्येही तेच. वाकलेले आबा, तोंड अर्धवट उघडं, चित्र थिजलेलं, आवाज बंद. मी म्हटलं, अरे आबांनाच फोन कर की. तो म्हणाला, "मी नाही करणार. शिव्याच घातल्या असतील."

सव्वा महिन्याने आबा गेले. रानात मेंढरांमागे असताना छातीत कळ आली, संपलं. सागर पोचला तो तिसऱ्या दिवशी, सावडायच्या वेळेला. 'मी मेल्यावर बी येऊ नगंस' हे वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. परत जाण्याआधी मला म्हणाला, "त्या रेकॉर्डिंगची नीट डीव्हीडी करून दे. आणि तेवढं आबांचं बोलणं निघतंय का बघ ना... काहीही करून." मी म्हटलं, जे रेकॉर्डच झालं नाही ते निघणार कुठून? तरी बघतो.

त्या काळी वेबसाइटवरून उतरवलेली फाइल एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचीच नाही. आधी कन्व्हर्टरमधून तिची दुसऱ्या प्रकारची फाइल करावी लागायची. त्याला माझ्या कॉम्प्युटरवर अख्खी दुपार जायची, आणि तयार फाइल एवढी अवाढव्य की डिस्कवर दुसरं काही मावायचं नाही. म्हणून माझी पद्धत ठरलेली... कन्व्हर्ट करा, कापाकापी करा, डीव्हीडी लिहा आणि ती मोठी फाइल लगेच उडवा.

रविवारी सकाळी कन्व्हर्ट करायला टाकलं, तीनच्या सुमारास झालं. हेडफोन लावून एडिट करायला बसलो. आबांचा थिजलेला फोटो आला. आणि मागून आवाज सुरू झाला.

"सागऱ्या... आबा बोलतुया. येतुया का आवाज? तुझ्या काळीला जुळी झाली आज पहाटं. अजून कुणाला बोललो न्हाई, म्हणलं आधी तुला सांगावं... आन् आईक, त्या दिवशी मी जे बोललो ना—"

मी हेडफोन काढून आपटला.

मला काय वाटलं सांगू? नितीन! दुसरं कोण? भांडणाचं मीच त्याला सांगितलं होतं. माझ्या कॉम्प्युटरचा पासवर्ड त्याला माहीत. गावाकडचा टच द्यायला मेंढी घातली, आणि आता मेलेल्या माणसाच्या आवाजात माफी मागायला निघाला होता. माझं डोकं असं सणकलं... म्हटलं, सागरने हे ऐकलं तर काय होईल त्याचं? पुढचं ऐकायचीही मला किळस आली. आवाजाच्या पट्टीवर बघून तो अख्खा तुकडा मी कापला, डीव्हीडी लिहिली आणि नेहमीप्रमाणे मोठी फाइल उडवून टाकली.

संध्याकाळी नितीन आल्यावर त्याची कॉलरच धरली. तो म्हणाला, "वेडा झालास का? मेलेल्या माणसाची मस्करी करीन मी?" मी नाही विश्वास ठेवला. त्याचा कॉम्प्युटर उघडून तपासला, त्याच्यादेखत. काही सापडलं नाही, तरी म्हटलं, डिलिट केलं असशील. आठवड्याभरात तो दुसरीकडे राहायला गेला.

पुढच्या रविवारी डीव्हीडी द्यायला घोटावड्याला गेलो. सागरच्या आईने चहा केला, डीव्हीडी बघितली, पदराने डोळे पुसले. मग मला वाड्याकडे घेऊन गेली. काटेरी कुंपणात एक काळी मेंढी होती आणि तिच्यामागे दोन कोकरं.

"ही सागरची काळी. ल्हान व्हती तवा त्यानंच बाटलीनं दूध पाजून वाढवली. साखरपुड्याच्या दिशी पहाटं जुळी झाली तिला. आमच्यात जुळी कवातरीच व्हत्यात."

मी विचारलं, "मावशी, हे त्या दिवशी कोणाकोणाला माहीत होतं?"

"कुणाला न्हाई. वाड्यावर आबाच एकटं व्हतं. पावणं समदं गेल्यावर मला बोललं. म्हनलं, सागऱ्याला पयलं सांगितलं, मग तुला."

पाहुणे जायच्या आधीच मी आणि नितीन गाडीवर बसून निघालो होतो. नितीन पुन्हा कधी घोटावड्याला गेला नाही.

मावशी पुढे बोलत होती. "मी म्हनलं, फोन लावा की पोराला. तर म्हनलं, माझं बोलून झालंय त्याच्याशी, तू बी त्याला काय सांगू नगंस, आता त्याचं काय येतंय बघू. रोज इचारायचं, आला का फोन, आला का फोन... म्हैनाभर वाट बघितली, लेकरा." बफरिंग झालं होतं, सागरपर्यंत एक शब्द पोचला नव्हता, हे आबांना कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

घरी येऊन तीच मूळ फाइल पुन्हा कन्व्हर्ट केली. सात वेळा केली, तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर. दरवेळी चाळीस सेकंद शांतता. उडवलेली फाइल परत मिळवायचाही प्रयत्न केला, पण तिच्या जागेवर मीच दुसरं काही लिहून बसलो होतो. आता कोणी म्हणेल, आवाज मूळ फाइलमध्ये कुठेतरी दडला असेल, कन्व्हर्टरने एकदाच पकडला. मग उरलेल्या सात वेळा का नाही? आणि डेटा कार्डवरून जो आवाज गेलाच नाही, तो त्या फाइलमध्ये येणार कसा? मला खरंच माहीत नाही. मी नितीनची माफी मागितली. त्याने "ठीक आहे" म्हटलं, पण पहिल्यासारखं काही राहिलं नाही.

सागरला सांगायची हिंमत व्हायला आणखी आठवडा गेला. फोनवर सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मला वाटलं शिव्या घालेल, नाहीतर विश्वासच ठेवणार नाही. काळीचं आणि जुळ्यांचं ऐकून तो रडायला लागला. मग मी आबांचं शेवटचं वाक्य सांगितलं, 'त्या दिवशी मी जे बोललो ना', आणि थांबलो.

मग सागरने हळूच विचारलं, "पुढे काय म्हणाले रे?"