सासूबाईंच्या विहिरीत सोडलेले मासे

सासुरवाडीला मी रिकाम्या हातानं जात नाही. गेल्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत आमच्या शाळेच्या हौदातले चाळीसेक गप्पी मासे. सासूबाई देवळात गेल्या होत्या, बायको आत भाजी निवडत होती. परसातल्या विहिरीवर वाकलो, पिशवीची गाठ सोडली आणि दिली ओतून. कुणाला विचारलं नाही. विज्ञानाच्या मास्तरला विचारायची सवय नसते, सांगायची असते.

तसं कारण चांगलं होतं. गाव कोल्हापूरहून जाताना बिद्रीच्या अलीकडचं, चारी बाजूंनी ऊस. पूर्वी थंडी पडली की डास कमी व्हायचे. आता पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळतो, थंडी तोंड दाखवून जाते आणि डास बारमाही झालेत. गल्लीत दोन घरांत डेंग्यू झालेला, आणि सासूबाई पंच्याहत्तरीच्या, एकट्या. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात. फवारणी नको, काही नको, निसर्गाचं काम निसर्ग करतो. हे वाक्य मी वर्षानुवर्षं वर्गात ऐकवत आलोय.

जेवताना मी प्रस्तावना सुरू केली. ती नेहमीप्रमाणे लांबली. आधी पाण्यातले बारीक जीव, मग मासे, माशांतले काही जमिनीवर आले, त्यांच्यातून फिरत फिरत माकडं, आणि अगदी शेवटी, आत्ता आत्ता, आपण. सासूबाई भाकरी वाढता वाढता ऐकत होत्या.

"म्हंजे मासं आपलं थोरलं म्हणायचं की, पावणं."

"अगदी बरोबर, आई." इतक्या लवकर माझ्या वर्गात कुणाला कळत नाही. या खुशीत विहिरीतल्या माशांचं सांगायचं राहूनच गेलं.

दिवस मावळायच्या आधी सासूबाई विहिरीवर गेल्या. मी मागोमाग. त्यांनी पाणी शेंदलं, दुहेरी फडक्यातून घागरीत गाळलं. मग फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानं धुतलं, ते धुवण बादलीत घेतलं आणि बादली हळूहळू खाली सोडली. पार पाण्याला टेकल्यावर बुडाला बांधलेली दुसरी दोरी ओढून ती कलती केली. फडक्यात अडकलेले जीव ज्या पाण्यातले, त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत, तेही न आपटता. आम्ही जैन. माझी आईही असंच करायची. मी कोल्हापुरात फिल्टर बसवला आणि त्यातून सुटलो.

बादली कलली तशा पाण्यावर सगळीकडून बारीक रेघा धावत आल्या. माझे मासे जेवायला जमले होते.

सासूबाई वाकून बघत राहिल्या. "ह्यात मासं कुठनं आलं?"

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. "पुराच्या पाण्यानं आले असतील," मी म्हणालो.

"व्हय?" त्या म्हणाल्या आणि घागर उचलली.

पुढचे तीन रविवार मी फोन करून तब्येत विचारली. "बरी हाय," असं उत्तर. चौथ्या आठवड्यात शेजारणीनं बायकोला कळवलं, की तुझी आई रोज गल्लीच्या टोकाच्या विहिरीवरनं कमरेवर घागर आणते, घरच्या विहिरीला दोरी लावत नाही.

"असं का करत असेल हो?" बायकोनं विचारलं. मी पेपर वाचत होतो. तेच पान दोनदा वाचलं आणि मग सांगून टाकलं, की मासे मी सोडलेत आणि आई जे जीव जपून परत सोडतात ते मासे खातात. तिनं पेपर माझ्या हातातून काढून घेतला. 

रविवारी आम्ही गेलो. मी वेळूच्या काठीला मच्छरदाणीचा तुकडा बांधून विहिरीत उतरलो. गप्पी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. यावर मी परीक्षेत दोन मार्कांचा प्रश्न काढतो. चाळीसाचे किती झाले होते, ते मोजण्यापलीकडचं होतं. दोन तासांत अकरा सापडले आणि माझी एक चप्पल बुडाली.

वर आलो तर सासूबाई उभ्या.

"आई, मासे मीच सोडले. पुराचं खोटं सांगितलं."

"ते म्हाईत हाय. लग्न हून आल्यापासनं आमच्या विहिरीत पूर कवा आल्याला न्हाय."

"सगळे काढतो. जाळं आणतो मोठं."

"आनि सोडणार कुठं?"

"ओढ्यात."

"तिथं बारकं जीव न्हाईत व्हय? ऱ्हाऊ द्यात. तुम्हीच म्हणाला हुता, मासं आपलं थोरलं. थोरल्यास्नी आता कुठं घालवता?"

त्या हसल्या नाहीत. मीही नाही. एका ठिकाणचा जीव दुसरीकडं नेऊन सोडू नये, हे मी मुलांकडून पाठ करून घेतो. सासूबाईंनी ते पुस्तक बघितलेलं नाही. त्यांनी चहा केला. घागरीतलं पाणी ओतताना त्यांचा हात कमरेवर गेला, तो मला दिसला. कप संपवणं भाग होतं.

परतताना कोल्हापूरच्या अलीकडे, कळंब्याजवळ, बायकोनं विषय काढला. म्हणाली, "मासे सोडले, ते एक वेळ जाऊ दे. पण आई घागरी वाहत होती आणि तुम्ही तिला फोनवर तब्येत विचारत होता. आता फोन नको. दर रविवारी जायचं आणि टोकाच्या विहिरीवरनं पाणी आणायचं. गाळायचं कसं, ते तिच्याकडनं शिकून घ्या. आणि फडक्याचं धुवण परत त्याच विहिरीवर नेऊन सोडायचं. चालत."