बाराची वेळ

सांगलीच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी सत्तरच्या दशकात कारकून होतो. मालकांनी ट्रकना गव्हर्नर बसवला, म्हणजे डिझेलच्या पंपाला शिशाचं सील ठोकलं. आता कितीही ॲक्सिलरेटर दाबा, गाडी पन्नासच्या वर जाणार नाही. त्याचाही समारंभ झाला. बॉनेटला झेंडूची माळ, शिशाच्या गोळीला कुंकू. वेगाच्या राक्षसावर मालक चाळीस मिनिटं बोलले. तेवढ्या वेळात इस्लामपूर आलं असतं.

ड्रायव्हर मागे उभे होते. "एस्टीला वलांडाया गेलं की मधीच दम तुटणार," एक पुटपुटला. दुसरा म्हणाला, "तुझ्या नशिबी मागंच राहायचं आलंय गड्या. गाडीचा हार बघ की, लग्नात तरी एवढा घातला होता का तुला कुणी?"

फौजी मात्र खूष होता. पलटणीत ट्रक चालवून निवृत्त झालेला, अपशब्द न वापरणारा आमचा एकमेव ड्रायव्हर. छोट्या उतारांवर डिझेल वाचवायला बाकीचे गिअर काढून गाडी न्यूट्रलला सोडत; घाटात तेवढी कुणाची छाती होत नसे. हा तर कुठेच सोडत नसे. "लय ब्येस झालं," तो म्हणाला. "आता उशीर का झाला म्हणून कोण इचारणार न्हाई."

पण गाड्यांचं वेळापत्रक जुनंच राहिलं. सांगलीहून गूळ भरून सकाळी सहाला निघायचं, बाराला चिपळूण. मीच ते टाइप केलं होतं. वेळा वाढवा असं मालकांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. महिन्याभरात एकटा फौजी तेवढा बाराला पोचत राहिला. मालकांनी त्याला शाल पांघरवली, श्रीफळ दिलं आणि म्हणाले, "शिस्त असली की सगळं जमतं."

पुढच्या आठवड्यात चिपळूणच्या व्यापाऱ्याकडे कागद पोचवायचे होते, म्हणून मी फौजीच्या शेजारी बसलो. कोयनानगर मागे पडलं, कुंभार्ली घाटाचा माथा आला आणि फौजीनं गिअर काढला.

इंजिनचा आवाज एकदम खाली बसला. सील इंजिनला होतं, चाकांना नव्हतं. गुळाच्या ढेपा पाठीवर घेऊन गाडी मोकाट सुटली. वळणावर ब्रेकचा जळका वास आला. मी दाराची कडी धरली.

"अहो फौजी, तुम्हीसुद्धा?"

"तुमीच टाइप केलंय न्हवं, भाऊसाहेब? बारा."

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. बाराला पाच कमी असताना आम्ही चिपळुणात होतो.

परत आल्यावर मी मालकांसमोर उभा राहिलो. म्हटलं, तासभर वाढवायला हवा. त्यांनी चष्मा काढला.

"मग फौजी कसा पोचतो?"

खरं सांगितलं असतं तर फौजीची त्याच दिवशी नोकरी गेली असती. मी म्हणालो, "हात चांगला आहे त्याचा."

"मग बाकीच्यांना त्याच्याकडे शिकायला सांगा."

दोन दिवसांनी मी नवं वेळापत्रक टाइप केलं, चिपळूण एक वाजता, आणि सहीच्या गठ्ठ्यात मधोमध ठेवलं. मालक वाचून सही करणं कमीपणाचं मानत. सही झाली. आयुष्यात केलेलं हे माझं एकमेव बंड.

सकाळी कागद फौजीच्या हातात दिला. त्यानं तो दोनदा वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"हे बाकीच्यास्नी द्या. मी एक वाजता पोचलो तर मालक इचारणार, फौजीला काय झालं? मग सगळंच भाईर येणार. शाल दिलीया मला."

"घाटात मराल."

"व्हय," तो म्हणाला, आणि टायरवर बूट आपटून हवा बघू लागला.

सहाला गाडी फाटकाबाहेर पडली. फौजी पोचला का ते विचारायला मी चिपळूणच्या व्यापाऱ्याकडे बाराचा ट्रंक कॉल नोंदवून ठेवला आणि घड्याळासमोर बसलो. नंतर रोजच बसू लागलो.