चार तुकड्यांची गोष्ट

बायकोला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, पण बोलणं गेलं. कळायचं सगळं, शब्द मात्र ओठांवर येईनात. एरवी भाजी घ्यायला गेली तरी गप्पा मारून येणारी बाई ही. आता ती नुसतं "ते... ते..." करायची आणि मी लगेच "चहा? चष्मा? पंखा?" असा पुढे धावायचो. घरात तिचा आवाज पुन्हा ऐकू येणार की नाही, या धास्तीनं माझी झोप उडाली होती.

कर्वेनगरातल्या तरुण स्पीच थेरपिस्टनं तिला गृहपाठ दिला. रोज एक गोष्ट सांगायची, चारच तुकड्यांत: सुरुवात, अडचण, धडपड आणि शेवट. मी फणकारलो. जन्मभर कॉलेजात कथा शिकवलेली. आरंभ, संघर्ष, उत्कर्षबिंदू समजावताना माझे तासच्या तास जायचे.

"अहो मॅडम, एवढ्यात गोष्ट होत नाही. ही तार झाली."

"काका, आपण फक्त ऐका," ती म्हणाली. "मदत अजिबात करू नका."

पहिली गोष्ट स्वयंपाकघरातून आली. "दूध. उतू. धावले. सांडलं." एवढं बोलून ती दमून खुर्चीत बसली. ओटा पुसता पुसता मी विचारात पडलो. नायिका होती, संकट होतं, धडपड होती, वर शोकान्तही होता. वर्णन नव्हतं, आणि त्यावाचून काही अडलंही नव्हतं. खरं सांगतो, मला हेवा वाटला.

पुढच्या खेपेला क्लिनिकमधून निघालो तर रिक्षावाला वारज्याला यायला तयार होईना. मी त्याला नियम ऐकवत बसलो. संध्याकाळी तिनं गोष्ट सांगितली, "रिक्षा. नाही म्हणाला. मी बसले. निघाली."

"आणि मी? मी एवढा भांडलो, त्याचं काय?"

तिनं बराच वेळ शब्द शोधला. "जागा... नाही."

काय बिशाद आहे वाद घालायची! गोष्टीत ज्याच्यामुळे काही घडत नाही त्याला काढून टाका, असं मीच वर्गात सांगायचो. मी खूप हसलो, तीही हसली. त्या दिवसापासून मी आशा धरली.

पण शब्द सुचवायची माझी खोड काही जाईना. एकदा क्लिनिकमध्ये थेरपिस्टनं विचारलं, "काकू, आज कुठली गोष्ट?"

बायको माझ्याकडे बघून म्हणाली, "मी पडले. शब्द गेले. दोघं... झटलो."

मग ती अडकली. चौथा तुकडा येईना. ओठ हलत होते, कपाळावर घाम आला होता. थेरपिस्टनं मला डोळ्यांनी दटावलं, पण मला बघवेना. हिच्या गोष्टीचा शेवट मला चांगलाच हवा होता, आणि आत्ताच हवा होता.

"शब्द परत..." मी सुरुवात केली.

तिनं टेबलावर हात आपटला. "अहो, मध्ये बोलू नका! शेवट मला सांगायचाय!"

आजारपणानंतरचं तिचं हे पहिलं सलग बोलणं होतं. ओरडा खाऊन एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. मी तोंडावर हात ठेवला आणि तिच्याकडे बघत बसून राहिलो.